तिसरा शब्द : चंद्रपूर-गडचिरोलीच्या विजेची एक कथा

पूर्व विदर्भातल्या खेड्यांत विजेविषयीचे बोलणे मुख्यतः दोन शब्दांवर चालते. मोटार नुसती गुरगुरते पण पाणी उचलत नाही, तेव्हा लोक म्हणतात ‘होल्टेज नाही’. तारेला कोणाचा हात लागला, की म्हणतात ‘करंट लागला’. इंग्रजीतून आलेले हे शब्द आता इतके मुरले आहेत, की त्यांना परके म्हणवत नाही. शाळेच्या पुस्तकांत त्यांचीच नावे विभवांतर आणि विद्युतधारा अशी आहेत. वीज कंपनीच्या कागदांत पहिल्याला ‘दाब’ म्हणतात, म्हणून उच्चदाब वाहिनी आणि लघुदाब वाहिनी. या दोघांबरोबर यायला हवा होता तो तिसरा शब्द मात्र बोलीत आलाच नाही. तो शब्द म्हणजे रेझिस्टन्स, मराठीत ‘रोध’. दहावीच्या परीक्षेपुरता तो पाठ होतो आणि निकालाबरोबर विसरला जातो.

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जंगल जिल्ह्यांचा गेल्या चाळीस वर्षांचा विजेचा इतिहास मी या विसरलेल्या शब्दाच्या आधाराने वाचू पाहतो आहे. एका जिल्ह्यात राज्यातले सर्वांत मोठे सरकारी औष्णिक वीजकेंद्र उभे आहे. त्याला लागून असलेल्या दुसऱ्या जिल्ह्यात वीज गावापर्यंत पोचली तरी दिव्यापर्यंत पोचताना दमते. याच परिसरात विजेच्या तारेला चिकटून रानडुकरे मरतात, वाघ मरतात आणि माणसेही मरतात. या तीन गोष्टी वेगवेगळ्या बातम्यांत येतात, पण त्यांच्या मुळाशी असलेला नियम एकच आहे आणि त्याचे वय दोनशे वर्षांच्या घरात गेले आहे.

एकशे तीस इंचांची तार

गेओर्ग झिमोन ओहम हा एका कुलूप बनवणाऱ्या कारागिराचा मुलगा. जन्म १७८९, जर्मनीतल्या एर्लांगेन गावचा. १८१७ पासून तो कोलोन शहरातल्या शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवत होता. व्होल्टाची बॅटरी निघून पाव शतक होत आले होते, पण तारेतून वाहणारी वीज नेमकी कशावर अवलंबून असते याचा हिशेब कोणाला नीट मांडता येत नव्हता. ओहमच्या सुरुवातीच्या प्रयोगांत बॅटरीच दगा देत होती. तिचा जोर मिनिटामिनिटाला उतरत असे. तेव्हा पोगेनडॉर्फ या संपादकाच्या सूचनेवरून त्याने बॅटरी सोडून दिली आणि तांबे व बिस्मथ या दोन धातूंची जोडणी घेतली. तिचे एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरे बर्फात ठेवले, की तपमानातल्या फरकामुळे वीज निर्माण होते आणि ती स्थिर राहते. धारा मोजायला त्याने धाग्याला टांगलेली चुंबकसुई वापरली. तार वळवील तितकी सुई वळते, आणि ती जागेवर आणायला धाग्याला किती पीळ द्यावा लागला हे वाचायचे.

मग त्याने सारख्याच जाडीच्या तांब्याच्या आठ तारा घेतल्या. सर्वांत आखूड तार २ इंचांची आणि सर्वांत लांब १३० इंचांची होती. त्या एकामागून एक जोडून त्याने सुई पाहिली. त्यातून १८२६ मध्ये जे सूत्र निघाले ते आजच्या पाठ्यपुस्तकातल्या सूत्राहून थोडे वेगळे दिसते. धारा बरोबर ‘अ’ भागिले ‘ब अधिक क्ष’. यातला ‘अ’ म्हणजे उगमाचा जोर, ‘क्ष’ म्हणजे जोडलेल्या तारेची लांबी आणि ‘ब’ म्हणजे उगमाच्या आणि उपकरणाच्या पोटातला स्वतःचा अडथळा. पुढच्या वर्षी बर्लिनला त्याचे पुस्तक प्रसिद्ध झाले. मायदेशी त्याची कदर व्हायला वेळ लागला. लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोपली पदक दिले ते १८४१ मध्ये. पुढे १८८१ च्या पॅरिस परिषदेने विजेची एकके ठरवली, तेव्हा व्होल्टा आणि अँपिअर यांच्या बरोबरीने या शाळामास्तराचे नाव रोधाला मिळाले.

आज आपण विभवांतर भागिले रोध बरोबर धारा असे थोडक्यात शिकतो. पण ओहमचे मूळ सूत्र आपल्या कामाचे आहे, कारण त्यात लांबी उघडपणे बसलेली आहे. तार जितकी लांब तितकी धारा कमी. तार जाड केली तर अडथळा कमी होतो, बारीक केली तर वाढतो. झाडीपट्टीतल्या वाचकाला हे सांगायला मामा तलावाचा, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावाचा, दाखला पुरेसा आहे. तलावात पाणी जितके उंच तितका त्याचा जोर, तो दाब. पाटातून मिनिटाला किती पाणी वाहते ती धारा. आणि पाटाची लांबी, अरुंदी, त्यात वाढलेले गवत हा रोध. तलाव काठोकाठ भरलेला असला तरी पाटाच्या शेपटाकडच्या बांधीत पाणी कधी आणि किती येते, हे त्या बांधीच्या मालकाला विचारावे.

या नियमाला एक जोडीदार आहे आणि तो अधिक खर्चिक आहे. १८४१ च्या सुमारास जेम्स ज्यूलने दाखवले, की तारेत वाया जाणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. धारा दुप्पट केली तर नुकसान चौपट, दसपट केली तर शंभरपट. वीज दूर न्यायची कोणतीही योजना या एका वाक्यापुढे हात टेकते किंवा त्यातून वाट काढते.

कोळसा न्यायचा की वीज

ही वाट मुंबईने फार लवकर काढली. १९१५ मध्ये टाटांच्या खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून घाटाच्या पाण्याची वीज गिरण्यांपर्यंत आली, ती सुमारे लाख व्होल्टच्या दाबाने. वीज म्हणजे दाब गुणिले धारा. तेवढीच वीज पाठवायची तर दाब वाढवावा, म्हणजे धारा कमी पुरते आणि तारेतले नुकसान वर्गाने घटते. दाब वाढवण्या-उतरवण्याचे काम करणारे यंत्र म्हणजे रोहित्र, ज्याला आपण ट्रान्सफॉर्मर किंवा नुसते डीपी म्हणतो. ते प्रत्यावर्ती धारेवर, म्हणजे दिशा सतत पालटणाऱ्या एसीवरच चालते. म्हणून एडिसनने १८८२ मध्ये न्यूयॉर्कला सुरू केलेली दिष्ट धारेची, म्हणजे डीसीची, वीज मैलभराच्या पलीकडे गेली नाही. उलट १८९१ मध्ये जर्मनीतल्या लाउफेन गावच्या नदीवरची वीज १७५ किलोमीटरवरच्या फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात दिवे लावून गेली.

घाटाचे पाणी मुंबईच्या दारात होते. चांद्याचा कोळसा तसा नव्हता. वरोऱ्याला एकोणिसाव्या शतकातच दगडी कोळशाची खाण निघाली आणि तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वेचा फाटा आला. तेव्हापासून वर्धा नदीच्या खोऱ्यातला कोळसा वाघिणींत भरून बाहेर जात राहिला. स्वातंत्र्यानंतर, विशेषतः १ मे १९६० ला राज्य आणि त्याच वर्षी जूनमध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाल्यावर, प्रश्न असा आला, की पश्चिम महाराष्ट्राच्या कारखान्यांना वीज हवी आहे आणि कोळसा राज्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. तर कोळसा तिकडे न्यायचा की वीज?

या कोळशात राखेचे प्रमाण मोठे. तो मुंबईकडे नेणे म्हणजे पुष्कळशी राखच साडेसातशे किलोमीटर रेल्वेने वाहणे. खाणीच्या तोंडाशीच तो जाळून वीज तारेने पाठवणे हिशेबाला स्वस्त पडते. असे चंद्रपूरला दुर्गापूरच्या खाणींशेजारी महाऔष्णिक केंद्र उभे राहिले. २१० मेगावॅटचा पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला. ऑक्टोबर १९८४ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते केंद्राचे लोकार्पण झाले. १९९७ पर्यंत सात संच आणि २३४० मेगावॅट झाले. पुढे ५०० मेगावॅटचे आणखी दोन संच आले, पहिले दोन निवृत्त झाले आणि क्षमता २९२० मेगावॅटवर गेली.

रेल्वेच्या हिशेबात राख वाचली, पण ती नाहीशी झाली नाही. ती चंद्रपुरातच राहिली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा ८३.८८ गुणांनी चंद्रपूर देशात चौथे आले. त्यात सिमेंट, कागद आणि खाणी यांचाही वाटा होता, पण चंद्रपूरकराला धुराड्यांची ओळख कोणी करून द्यावी लागत नाही.

दहा लाख व्होल्टची वाट

चंद्रपूरची वीज सुरुवातीला ४०० किलोव्होल्टच्या एसी वाहिन्यांनी पश्चिमेकडे जात असे. अंतर एवढे वाढले, की एसीला तारेच्या साध्या रोधाखेरीज आणखी एक अडचण येते. दिशा पालटणाऱ्या धारेला तारेभोवतीचे चुंबकीय क्षेत्र प्रत्येक फेरीत उभारावे आणि मोडावे लागते. त्याचा विरोध लांबीबरोबर वाढत जातो आणि दोन टोकांची जनित्रे एका तालात ठेवणे अवघड होते. म्हणून एडिसनची हरलेली दिष्ट धारा इथे परत आली. स्वीडनने १९५४ मध्ये गोटलंड बेटापर्यंत समुद्राखालून ती नेऊन दाखवली होती. नव्वदीच्या दशकाच्या शेवटी चंद्रपूर ते ठाणे जिल्ह्यातील पडघे अशी ७५२ किलोमीटरची दिष्ट धारेची वाहिनी तयार झाली. एका तारेवर अधिक ५०० किलोव्होल्ट, दुसरीवर उणे ५०० किलोव्होल्ट, म्हणजे दोन्हींत दहा लाख व्होल्टचे अंतर. क्षमता १५०० मेगावॅट.

त्याच काळात शेजारी भद्रावतीला एसीचे डीसी आणि लगेच डीसीचे पुन्हा एसी करणारे केंद्र उभे राहिले. तिथे प्रश्न अंतराचा नव्हता. तेव्हा तालात नसलेल्या पश्चिम आणि दक्षिण भारताच्या जाळ्यांना रामगुंडमच्या बाजूने जोडायचे होते. दक्षिणेचे जाळे देशाच्या जाळ्याशी एकतालात आले ते ३१ डिसेंबर २०१३ ला. म्हणजे भारताच्या विजेच्या नकाशावर दोन मोठ्या गाठी या एका जंगल जिल्ह्यात बांधल्या गेल्या.

आता पडघ्याच्या वाहिनीचा हिशेब कागदावर मांडून पाहू. १५०० मेगावॅट म्हणजे १५० कोटी वॅट. त्याला दहा लाख व्होल्टनी भागले, की धारा निघते १५०० अँपिअर. प्रत्येक बाजूला चार-चार जाड तारांचा जुडगा घेतला, तर एवढ्या अंतराचा जाता-येता रोध साधारण १६ ओहम धरता येईल. ज्यूलच्या नियमाने नुकसान म्हणजे १५०० गुणिले १५०० गुणिले १६, अर्थात ३६ मेगावॅट. पाठवलेल्या विजेच्या अडीच टक्क्यांहूनही थोडे कमी.

दाब दहापट कमी, म्हणजे एक लाख व्होल्ट ठेवला तर? तेवढ्याच विजेला १५,००० अँपिअर लागतील. तारेतच २,४०,००० व्होल्ट खर्च व्हायला हवेत, आणि आपल्याजवळ आहेत लाख. म्हणजे वाहिनी तोट्यात चालते असे नव्हे, ती चालूच शकत नाही. चंद्रपूरचा कोळसा मुंबईच्या कामाचा झाला तो या दहा लाख व्होल्टमुळे. लांबी कमी करता येत नव्हती, म्हणून तार जाड केली आणि दाब वाढवला. रोधाशी सरळ सामना करून त्याला हरवले. त्यासाठी लागणारा पैसा आणि बुद्धी राज्याने खर्च केली, आणि योग्यच केली.

शेपटाकडचे गाव

चंद्रपूरचा पहिला संच सुरू होण्याच्या सुमारे वर्षभर आधी, २६ ऑगस्ट १९८२ ला, चंद्रपूर जिल्ह्याचा पूर्व भाग वेगळा काढून गडचिरोली जिल्हा केला गेला. तीन चतुर्थांशाहून अधिक क्षेत्र जंगलाखाली, गावे लहान आणि पांगलेली, मधे वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती, पर्लकोटा अशा नद्या. भामरागड तालुक्यातल्या हेमलकशाला १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदा आमटे यांनी कंदिलाच्या उजेडात रुग्ण तपासले. दवाखान्याची सुरुवातीची वर्षे विजेशिवायच गेली.

या जिल्ह्याकडे विजेच्या नियोजकांनी पाहिले, पण ते ग्राहक म्हणून नव्हे. गोदावरीवरचे इंचमपल्ली आणि इंद्रावतीवरचे भोपालपट्टणम ही दोन मोठी जलविद्युत धरणे ऐंशीच्या दशकात आखली होती. ती झाली असती तर माडिया गोंडांची गावे आणि उत्तम सागवानाचे जंगल पाण्याखाली गेले असते. त्या विरोधात ‘जंगल बचाव, मानव बचाव’ ही चळवळ उभी राहिली. लाल श्यामशाह आणि बाबा आमटे तिच्या पुढे होते. धरणे थांबली. मेंढा (लेखा) गावच्या देवाजी तोफांसारखे कार्यकर्ते याच चळवळीतून आले आणि तिथून पुढे ग्रामसभेच्या, जंगलावरच्या हक्काच्या कामाकडे वळले. गडचिरोलीने वीज नाकारली असे त्याचे वर्णन कोणी करील, तर ते खरे नाही. वीज दुसरीकडे जाणार आणि बुडायचे मात्र आपण, या मांडणीला तो नकार होता. शेजारच्या चंद्रपुरात हीच मांडणी कोळशाच्या रूपाने लोक रोज पाहत होते.

मग वीज आली ती लांबच लांब वाहिन्यांनी. ३३ आणि ११ किलोव्होल्टच्या तारा जंगलातून जातात. पावसाळ्यात त्यांवर झाड कोसळते. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो आणि तुटलेल्या तारेपर्यंत लाईनमन पोचायलाच दिवस लागतात. पण वीज चालू असते तेव्हाची गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते.

रोहित्रापासून शेतापर्यंतची तार लघुदाबाची, म्हणजे २३० व्होल्टची. खेड्यात वापरल्या जाणाऱ्या बारीक अॅल्युमिनियमच्या तारेचा रोध किलोमीटरला साधारण दीड ओहम येतो. शेत रोहित्रापासून किलोमीटरभर दूर असले तर जाता-येता तीन ओहम झाले. त्या तारेवर सगळ्यांचा मिळून २० अँपिअरचा भार आला, की ओहमच्या नियमाने ६० व्होल्ट वाटेतच गळतात आणि शेवटच्या घरी १७० पोचतात. नियमाप्रमाणे सहा टक्क्यांचाच फरक मान्य आहे, म्हणजे साधारण २१६ ते २४४ व्होल्ट. १७० व्होल्टवर जुना पिवळा दिवा निम्म्याच्या जवळपास वीज घेतो आणि त्याचा उजेड त्याहूनही खूप घटतो. मोटारीचे याहून वाईट. तिला ओढायचे काम तेवढेच असते, म्हणून दाब कमी पडला की ती धारा जास्त ओढते. जास्त धारेने तारेत आणखी व्होल्ट गळतात, दाब आणखी पडतो, मोटार आणखी ओढते आणि अखेर तिचे कॉइल जळते. रोवणीच्या दिवसांत मोटार जळणे म्हणजे काय, हे धान करणाऱ्यालाच ठाऊक.

या दोन हिशेबांतून निघणारी तुलना पहिल्यांदा मांडली तेव्हा मी आकडे पुन्हा तपासले होते. वरच्या उदाहरणात २० गुणिले २० गुणिले ३, म्हणजे १२०० वॅट तारेत जातात. पाठवलेले होते ४६०० वॅट. चौथ्या हिश्श्याहून जास्त वीज एका किलोमीटरमध्ये आकाश तापवते. चंद्रपूर ते पडघे ७५२ किलोमीटर, नुकसान अडीच टक्क्यांच्या आत. रोहित्रापासून शेवटच्या शेतापर्यंत एक किलोमीटर, नुकसान पंचवीस टक्क्यांच्या वर. विजेच्या जगात अंतर किलोमीटरमध्ये मोजत नाहीत, ओहममध्ये मोजतात, आणि त्या मापाने मुंबई चंद्रपूरच्या शेजारी आहे. दूर आहे ते वाहिनीच्या शेपटाकडचे गाव.

गडचिरोलीत वीज कमी पडते याचा दोष लोक जंगलाला आणि दुर्गमतेला देतात. जंगल आणि दुर्गमता खरी आहे. पण रोध हा काही निसर्गाने दिलेला आकडा नव्हे. तो तारेची जाडी, रोहित्राची जागा आणि वाहिनीचा दाब यांवरून ठरतो, आणि हे तिन्ही माणसे ठरवतात. विरळ वस्तीत दर ग्राहकामागे तारेचा खर्च जास्त येतो, म्हणून तार बारीक, रोहित्र दूर. २००५ नंतरच्या काही वर्षांत राज्यात विजेची टंचाई झाली, तेव्हा भारनियमन चंद्रपूर जिल्ह्यातल्या खेड्यांनाही भोगावे लागले आणि मुंबई त्यातून वगळलेली होती. तो निर्णय उघड होता, म्हणून त्यावर मोर्चे निघाले. रोधाचा निर्णय उघड दिसत नाही. त्याविरुद्ध मोर्चा काढायला तो शब्दच बोलीत नाही.

रात्रीची तार

नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल हा धानाचा आणि वाघांचा पट्टा. धान पोटरीत आले, की रानडुकरे रात्रीतून बांध्या लोळवून टाकतात. नुकसानभरपाई मिळते, पण पंचनाम्यांच्या वाटेने आणि उशिरा. म्हणून काही शेतकरी शेताभोवती खुंट्यांवर लोखंडी तार ओढतात आणि रात्री तिच्यात लघुदाबाच्या तारेवरून करंट सोडतात. काही जण शिकारीसाठीही सोडतात. एप्रिल २०१७ मध्ये नागभीड भागात ‘श्रीनिवास’ नावाचा, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला तरुण वाघ अशाच तारेने मेला. उमरेड-कऱ्हांडलाच्या प्रसिद्ध ‘जय’ वाघाचा तो बछडा होता. त्याच वर्षी ब्रह्मपुरी भागातून पकडून वर्धा जिल्ह्यातल्या बोर प्रकल्पात सोडलेली वाघीण ऑक्टोबरमध्ये तशाच एका शेताच्या कुंपणाला लागून मेली. वाघाची बातमी होते. पहाटे शेतावर निघालेला शेजारी किंवा खुद्द तार लावणाराच तिला लागून मेला, तर ती पोलीस ठाण्याच्या नोंदीत राहते.

दिवसा ज्या तारेला पंप फिरवता येत नाही, तीच रात्री वाघ कशी मारते? होल्टेज नसणाऱ्या गावात करंट येतो कुठून? याचे उत्तर तिसऱ्या शब्दात आहे. व्होल्ट गळतात ते धारा वाहते तेव्हा. रात्री गाव झोपले, मोटारी बंद झाल्या, की तारेतून जवळजवळ काहीच वाहत नाही, म्हणून काहीच गळत नाही. शेवटच्या खांबावरही पूर्ण २३० व्होल्ट उभे राहतात. ओल्या अंगाचा रोध हजार ओहमच्या आसपास धरला, तर अंगातून वाहणारी धारा पाव अँपिअरपेक्षाही कमी. कुंपणाची लोखंडी तार कितीही गंजकी आणि बारीक असली, अगदी चाळीस ओहमची असली, तरी हजारापुढे तिची काय किंमत? दिवसा तीन ओहमनी पंप अडवला होता. रात्री चाळीस ओहमही मृत्यूला अडवत नाहीत, कारण पंपाला अँपिअर लागतात आणि हृदय बंद पाडायला अँपिअरचा दहावा भागही पुष्कळ होतो. घरातल्या सुरक्षेच्या स्विचला तीस मिलीअँपिअरवर तुटायला सांगितलेले असते ते यासाठीच.

आणि रोहित्रावरचा फ्यूज? तो काही दहा अँपिअरसाठी बसवलेला. पाव अँपिअर त्याच्या लेखी एखादा दिवा लागल्यासारखे. ओल्या बांधीत एक जीव तडफडत असताना डीपीच्या पेटीत काहीच घडत नाही.

याच्या उलट उदाहरण सौर कुंपणाचे. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून जंगलालगतच्या गावांना त्यासाठी अनुदान मिळते. त्या कुंपणावर काही हजार व्होल्ट असतात, घरच्या विजेच्या कितीतरी पट. तरी त्याने डुक्कर दचकून पळते, मरत नाही, कारण तो दाब सेकंदाला एकदा, सेकंदाच्या अगदी बारीक अंशापुरता येतो आणि त्यात उर्जाही मोजकीच भरलेली असते. हृदयाची लय मोडायला तेवढा वेळ पुरत नाही. व्होल्ट जास्त म्हणजे धोका जास्त ही समजूत गावोगाव पक्की आहे. म्हणून हजारो व्होल्टच्या झटका मशीनला लोक बिचकतात आणि ‘साध्या’ २३० व्होल्टची तार बिनधास्त ओढतात. विजेच्या तीन शब्दांपैकी एकच माहीत असण्याची ही किंमत आहे.

तार ओढणे गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याने आहे, वीज कायद्याने आहे, माणूस मेला तर फौजदारीनेही आहे. त्याबद्दल दुमत नाही. पण शेतकऱ्याला निव्वळ गुन्हेगार ठरवताना त्याच्या हातातली तार कोणती होती हे पाहावे. दिवसा पिकाला पाणी द्यायला ती निरुपयोगी होती. रात्री पीक राखायला तेवढीच त्याच्याजवळ होती.

लांबी संपते तेव्हा

गेल्या काही वर्षांत राज्याने रोधाकडे वळून पाहिले आहे, त्याचे नाव न घेता. २०१८ मध्ये महावितरणने शेतीपंपांसाठी उच्चदाब वितरण प्रणाली आणली. तिच्यात ११ किलोव्होल्टची वाहिनीच शेताजवळ नेतात आणि एक-दोन पंपांपुरते छोटे रोहित्र बसवतात. लघुदाबाची लांब तार राहत नाही, त्यामुळे व्होल्ट गळत नाहीत आणि आकडा टाकायलाही सोपी तार उरत नाही. पडघ्याच्या वाहिनीने जे केले तेच हे, शेताच्या मापाचे. चंद्रपूर-पडघे वाहिनी आणि ही योजना यांच्यामध्ये साधारण वीस वर्षे गेली. भौतिकशास्त्र दोन्हीकडे तेच होते. मग वीस वर्षे कशाची लागली, हा प्रश्न वीजतज्ज्ञांपेक्षा आपल्याला, म्हणजे मतदारांना, विचारायचा आहे.

त्यापुढचे पाऊल सौर कृषिपंपाचे. तिथे तारच नाही. पट्टा बांधावर, मोटार विहिरीत, मधे फार तर पन्नास फूट केबल. ओहमच्या सूत्रातला ‘क्ष’ जवळजवळ शून्यावर आला. दुर्गम गावासाठी यापेक्षा चांगली बातमी कोणती? माडियांच्या गावांनी धरणाला नाही म्हटले होते. त्यांच्या वाट्याला आता कोणाचे गाव न बुडवता येणारी, दुसऱ्या जिल्ह्यात राख न टाकणारी वीज येऊ शकते.

तरी सूत्रातला ‘ब’ शिल्लक राहतोच. उगमाच्या पोटातला अडथळा. सौर पट्टाही ढगाळ दिवशी आपला हात आखडता घेतो, बिघडला तर दुरुस्त करणारा माणूस तालुक्याहून यावा लागतो, आणि बॅटरी नसेल तर रात्री दवाखान्यात दिवा लागत नाही. लांबीचा रोध गेला म्हणून सगळे रोध जात नाहीत. कोलोनच्या मास्तराने आठ तारा मोजून झाल्यावर तो ‘ब’ काढून टाकला नाही, मोजला आणि सूत्रात लिहून ठेवला. आपल्याकडे नव्या योजनेच्या कागदावर उगमाचा जोर तेवढा मोठ्या अक्षरांत असतो. त्याच्या खाली, भागाकाराच्या रेषेखाली काय आहे, तेही गावाच्या चावडीवर, गावाच्या भाषेत लिहिले जायला हवे. रोहित्र किती दूर, तार किती जाड, शेवटच्या घरी संध्याकाळी सात वाजता किती व्होल्ट. हे तीन आकडे ज्या ग्रामसभेला विचारता येतील, तिला तिसरा शब्द कोणी शिकवण्याची गरज उरणार नाही.